मागल्या गाडीचा माणूस

इ. स. १८६५ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटानें रस्त्यांवरून चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठीं एक कायदा केला. मोटारीच्या इतिहासांत त्या कायद्याची आठवण निघाली कीं लोक हंसतात. गांवाबाहेर तासाला चार मैल आणि गांवांत दोन मैल, यापेक्षां अधिक वेगानें इंजिनानें जाऊं नये. इंजिनाबरोबर निदान तीन माणसें असावींत. आणि त्यांपैकीं एकानें तांबडें निशाण हातांत घेऊन साठ यार्ड पुढें पायीं चालावें, असें त्या कायद्याचें फर्मान होतें. वेगासाठीं जन्मलेल्या गाडीपुढें पायीं चालणारा माणूस ठेवावयाचा, हा विनोद खरोखरच मासलेवाईक आहे. परंतु त्याच कलमांत आणखी एक अट आहे, आणि तिच्याकडे हंसणारांचें लक्ष सहसा जात नाहीं. इंजिनाच्या मागें दोहोंपेक्षां अधिक गाड्या जोडलेल्या असतील, तर त्या गाड्यांची व्यवस्था पाहण्यासाठीं एक अधिक माणूस नेमला पाहिजे, अशी ती अट होती. माझ्या आजच्या भाषणाचा नायक म्हणजे हा चौथा माणूस.

रस्त्यावर एका यांत्रिक गाडीनें दुसरी गाडी ओढण्याचा इतिहास दीडशें वर्षांहून अधिक लांब आहे. अलीकडे अमेरिकेंत विजेवर चालणारे पिकअप निघाल्यापासून त्या इतिहासाला एक नवा अध्याय जोडला गेला आहे. या सबंध काळांत एक गोष्ट पुनः पुनः दिसून येते. ओढण्याची शक्ति मनुष्यानें नेहमीं आधीं मिळविली. ओढलेली वस्तु आवरण्याची विद्या मात्र त्याला मागाहून, आणि बहुधा अपघातांची फी भरून, शिकावी लागली. १८९६ च्या नव्या कायद्यानें पुढें पायीं चालणाऱ्या माणसाला घरीं पाठविलें. पण त्या कायद्यानेंही नवी मोकळीक दिली ती तीन टनांच्या आंतील हलक्या गाड्यांना, आणि त्याही एकापेक्षां अधिक गाडी ओढीत नसतील तरच! मागें ओझें जोडलें कीं गाडीची जात बदलते, एवढें त्या काळच्या कायदेपंडितांनाही उमगलें होतें. चौथा माणूस घरीं गेला नाहीं. त्यानें केवळ वेष बदलला. ते वेष कोणते, तेंच आज पाहावयाचें आहे.

या शास्त्राचा एक आरंभीचा प्रयोग आपल्याच देशासाठीं झाला. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश शिल्पज्ञानें १८४५ मध्यें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें होतें. त्यानेंच पुढें १८६७ च्या सुमारास जाड रबरी धावा बसविलेलें वाफेचें रस्त्यावरील इंजिन तयार केलें. रायफल ब्रिगेडमधील क्रॉम्प्टन नांवाचा एक तरुण अधिकारी त्या वेळीं हिंदुस्थानांत होता. सरकारी सामान बैलगाड्यांच्या तांड्यांतून संथपणें जातांना पाहून हें काम वाफेनें करावें, असें त्याच्या मनानें घेतलें. लॉर्ड मेयो यांच्या राजवटींत त्याच्या म्हणण्याला आश्रय मिळाला. टॉमसनच्या पद्धतीचीं इंजिनें इंग्लंडांत इप्सविच येथें बांधलीं गेलीं, आणि त्यांना पंजाबांतील नद्यांवरून 'चिनाब' व 'रावी' अशीं नांवें देण्यांत आलीं. १८७१ मध्यें 'रावी' हें इंजिन मागें प्रवाशांची गाडी जोडून इप्सविचहून एडिंबरोपर्यंत जाऊन परत आलें. पुढें हीं इंजिनें पंजाबांत येऊन ग्रँड ट्रंक रस्त्यावर मागें गाड्यांची माळ घेऊन चाललीं. लोहमार्ग पसरत गेले तशी ही योजना मागें पडली. क्रॉम्प्टन मायदेशीं परतले, आणि वाफ सोडून विजेच्या मागें लागले. आपल्या घरांतील कित्येक पंख्यांवर जें क्रॉम्प्टन हें नांव आपण वाचतों, तें याच गृहस्थाचें. रस्त्यावर ओझें ओढण्याची हौस आणि वीज, या दोहोंची गांठ एका माणसाच्या चरित्रांत दीडशें वर्षांपूर्वींच पडली होती, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां अमेरिकेकडे वळूं. कारण ट्रेलर ही वस्तु आज ज्या रूपांत जग ओळखतें, तें रूप तिला तेथें मिळालें. क्लीव्हलंड शहरीं अलेक्झांडर विंटन नांवाचा मोटारींचा कारखानदार होता. १८९८-९९ च्या सुमारास त्याच्यापुढें एक अडचण उभी राहिली. विकलेली नवी मोटार गिऱ्हाइकाकडे चालवीत न्यावी, तर ती पोंचेपर्यंत जुनी होते! तेव्हां त्यानें एका मोटारीच्या मागल्या भागावर पुढचें टोंक टेकेल अशी दोन चाकी गाडी जोडली, आणि तिच्यावर नवी मोटार चढवून पाठविण्यास आरंभ केला. पुढें १९१४ मध्यें डेट्रॉइट येथें ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे सिब्ली नांवाचा लांकडाचा एक व्यापारी आला. त्याला आपली होडी मिशिगनच्या उत्तरेकडील सरोवरापर्यंत न्यावयाची होती. फ्रूहॉफनें त्याच्या फोर्ड मोटारीच्या मागें जोडण्याजोगी दोन चाकी गाडी बांधून दिली. होडी सुखरूप पोंचली. व्यापाऱ्यानें लांकडें वाहण्यासाठीं तसलीच दुसरी गाडी मागितली. आणि १९१८ मध्यें लोहाराच्या दुकानाची ट्रेलर बनविणारी कंपनी झाली. घोडा पाठीवर जेवढें वाहतो त्याच्या अनेक पट तो ओढतो, हें लोहाराला सांगावें लागत नाहीं. तोच न्याय मोटारीला लागू पडला.

परंतु ती मोटार कशी होती, हें पाहिलें म्हणजे अंगावर कांटा येतो. फोर्डच्या टी मॉडेलचें इंजिन वीस अश्वशक्तीचें. त्याचा पायाचा ब्रेक गिअरपेटींतील एका पट्ट्यावर चाले. हाताचा ब्रेक मागल्या दोन चाकांवर. पुढील चाकांना ब्रेक मुळींच नव्हता. स्वतःच्या वजनालाच जेमतेम पुरणारा हा ब्रेक मागें होडी किंवा लांकडें जोडल्यावर काय पुरणार? तथापि गाडी ओढते आहे ना, एवढेंच लोक पाहत. एप्रिल १९२५ मध्यें फोर्ड कंपनीनें त्याच मॉडेलाच्या मागें उघडा हौदा बसवून २८१ डॉलरांना ती गाडी विकावयास काढली. कारखान्यांतूनच तयार होऊन आलेला फोर्डचा हा पहिला पिकअप होय. शेतकऱ्याची, सुताराची, दूधवाल्याची ती गाडी झाली. आणि तिच्या मागें कांहीं ना कांहीं जोडलें जाणें हें तेव्हांपासून ओघानेंच आलें.

येथें क्षणभर रुळांवरच्या आगगाडीकडे पाहिलें पाहिजे. कारण रस्त्याला जें कोडें १९२० नंतर पडलें, तें लोहमार्गानें पन्नास वर्षें आधीं सोडविलें होतें. आरंभीं प्रत्येक डब्यावर ब्रेक आवळण्यासाठीं माणसें ठेवावीं लागत. तीं धांवत्या गाडीच्या टपावरून एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर उड्या मारीत जात, आणि कित्येक त्यांत प्राणांस मुकत. १८६९ मध्यें जॉर्ज वेस्टिंगहाउसनें दाबलेल्या हवेचा ब्रेक काढला. इंजिनांतून हवा सोडली कीं सर्व डब्यांचे ब्रेक लागावे, अशी ती योजना होती. परंतु नळी फुटली किंवा गाडी मध्येंच तुटली, तर तुटलेल्या डब्यांना ब्रेकच उरत नसे. तेव्हां १८७२ च्या सुमारास त्यानें ती युक्ति उलटी केली. नळींत हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे राहावे, आणि दाब गेला कीं ते आपोआप लागावे, अशी व्यवस्था झाली. म्हणजे दुवा तुटला तर गाडी पळत सुटावयाची नाहीं, थांबावयाची! सुरक्षिततेच्या इतिहासांत यापेक्षां मोठा विचार क्वचितच झाला असेल. कांहीं बिघडणारच, हें गृहीत धरावें. आणि बिघडल्यावर जें आपोआप घडेल तें कमींत कमी घातक असावें, हा त्याचा अर्थ.

रस्त्यावरील ट्रेलरांच्या बाबतींत हा विचार पोंचविण्याचें श्रेय ज्यांना द्यावें लागेल, त्यांत दोन नांवें एकमेकांशीं जोडलेलीं आहेत. पहिलें ग्लेन कर्टिस या विख्यात विमानकर्त्याचें. उतारवयांत, १९२८ च्या सुमारास, त्यानें राहण्याजोगी एक प्रशस्त ट्रेलर-गाडी काढली. विमानाच्या सांगाड्यासारखी ती हलकी होती, आणि तिच्या जोडांत आडवें टायर बसविलेलें असल्यामुळें ओढणाऱ्या मोटारीचे धक्के मागें पोंचत नसत. दुसरें नांव विस्कॉन्सिनमधील बिलॉइट गांवच्या आर्थर वॉर्नरचें. मोटारीचा वेग दाखविणारें घड्याळ तयार करून त्यानें पैसा मिळविला, आणि १९०९ मध्यें कर्टिसचेंच एक विमान विकत घेऊन तो स्वतः उडाला. १९२७ मध्यें त्यानें विजेच्या ब्रेकांचा उद्योग आरंभिला. त्या ब्रेकाची रचना साधी आहे. ट्रेलरच्या चाकांतील पिंपांत एक विद्युच्चुंबक असतो. पुढल्या गाडींतून तारेनें वीज सोडली कीं तो फिरत्या लोखंडाला चिकटूं पाहतो, फिरण्याबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीनें एक तरफ हालून ब्रेकचे गट्टे पिंपावर दाबले जातात. वीज जितकी अधिक, तितका दाब अधिक. पुढें बसलेल्या चालकाच्या बोटाशीं मागल्या गाडीचा ब्रेक आला, आणि चौथ्या माणसानें तारेचा वेष घेतला.

तथापि ही तार म्हणजे वेस्टिंगहाउसची पहिली नळीच. ती तुटली कीं ब्रेक गेला. म्हणून ट्रेलरवर एक लहान बॅटरी आणि खटका ठेवण्याची पद्धत पडली. खटक्याची खीळ एका बारीक तारदोरानें पुढल्या गाडीला बांधावयाची. जोड सुटला तर दोरानें खीळ उपसली जावी आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावे. शिवाय जोडाखालीं दोन सांखळ्या, त्याही एकमेकींवरून तिरप्या घेतलेल्या. म्हणजे दांडा गोळ्यावरून निसटला, तर तो रस्त्यावर न आपटतां त्या झोळींत पडावा. युरोपांत हलक्या ट्रेलरांसाठीं वेगळी युक्ति रूढ झाली. पुढली गाडी मंदावली कीं ट्रेलर स्वतःच्या भरानें पुढें सरकतो, आणि त्या सरकण्यानेंच त्याचे ब्रेक लागतात. तेथें ७५० किलोपेक्षां जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असलाच पाहिजे, असा नियम आहे. अमेरिकेंत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. तरी अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारें १,३६० किलोंच्या, पुढें ट्रेलरला ब्रेक लागतो.

ब्रेकाचा प्रश्न असा सुटत असतां दुसरा, अधिक फसवा प्रश्न पुढें आला, तो तोलाचा. आपल्या बैलगाडीवाल्याला हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मागें भार जास्त झाला कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें, आणि बैलांच्या मानेला फांस बसूं लागतो. पुढें भार जास्त झाला तर बैलांच्या खांद्यावर दाब येतो. शहाणा गाडीवान जुंपण्यापूर्वीं हातानें जूं उचलून पाहतो, आणि पोतीं पुढें-मागें सरकवितो. दोन चाकी ट्रेलरचें शास्त्र याहून वेगळें नाहीं. ट्रेलरच्या एकंदर वजनाच्या शेंकडा दहा ते पंधरा भाग जोडाच्या गोळ्यावर यावा, असा सर्वमान्य संकेत आहे. दोन हजार किलोंचा ट्रेलर असेल, तर दोनशें ते तीनशें किलो. याहून फार अधिक झालें, तर मोटारीची मागली बाजू दबते, पुढलीं चाकें हलकीं होतात, आणि सुकाणूं ऐकेनासें होतें. फार कमी झालें, तर मात्र बैलगाडीपेक्षां भयंकर प्रकार घडतो.

तो प्रकार असा. ट्रेलर वाऱ्याच्या झोतानें किंवा रस्त्याच्या खांचेनें थोडा बाजूला हालतो. जोडाचा गोळा मोटारीच्या मागल्या आंसाच्या बऱ्याच मागें असतो. त्यामुळें ट्रेलरचा प्रत्येक हेलकावा मोटारीच्या शेपटाला ढकलून तिचें तोंड वळवितो. एका ठराविक वेगाच्या खालीं हे हेलकावे आपोआप विरतात. त्या वेगाच्या वर ते आपोआप वाढत जातात. आणि हा वेग कोणता, तें रस्त्यावरील पाटीवर लिहिलेलें नसतें. तें ट्रेलरमधील सामान कोठें ठेवलें आहे यावर ठरतें. वजन मागें ढकललें कीं तो धोक्याचा वेग खालीं येतो. म्हणून काल निर्धोक चाललेला ट्रेलर, सामान निराळें रचल्यामुळें, आज त्याच रस्त्यावर त्याच वेगानें उलथतो. अशा वेळीं चालकाच्या हातून स्वाभाविकपणें जें होतें, तेंच नेमकें चुकीचें. सुकाणूं जोरानें उलट फिरविणें हें हेलकाव्यांना खतपाणी; वेग वाढवून ट्रेलर 'ताणून' सरळ करूं पाहणें हें त्याहून वाईट. वेगाच्या पेडलावरून पाय काढावा, सुकाणूं शक्य तेवढें सरळ धरावें, आणि हातानें लावतां येत असल्यास एकट्या ट्रेलरचाच ब्रेक हळुवार लावावा; म्हणजे मागली गाडी मागें खेंचली जाऊन ओळ सरळ होते. उलट, मागल्या गाडीला ब्रेक नसतां पुढल्या गाडीनेंच करकचून ब्रेक लावला, तर मागलें ओझें तिला ढकलतें, आणि दोन्ही गाड्या अडकित्त्यासारख्या मिटतात.

पिकअपच्या उघड्या हौद्याचा एक मोठा उपयोग येथें दिसून येतो. जुन्या घोडागाड्यांत पुढला आंस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवें चक्र बसवीत. चार चाकांच्या गाडींतील तें पांचवें चाक. १९१५ च्या सुमारास अमेरिकेंतील चार्ल्स मार्टिननें तीच कल्पना ट्रेलरच्या जोडासाठीं वापरली. हा जोड मागल्या आंसाच्या मागें न राहतां बरोबर त्याच्या वर येतो. त्यामुळें ट्रेलर कितीही हालला तरी मोटारीचें शेपूट वळविण्यास त्याला तरफ उरत नाहीं. मोठमोठे ट्रेलर पिकअपच्या हौद्यांतच कां जोडतात, याचें रहस्य हें आहे.

दुसऱ्या महायुद्धानें ओढण्याची संवय सर्वसामान्यांपर्यंत नेली. १९४१ पासून जीपगाडी सैन्यांत आली, आणि तिच्या मागें पाव टन ओझ्याचा लहान ट्रेलर आला. १९४७ पासून मुंबईंत महिंद्रांच्या कारखान्यांत जीपगाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. जीप आणि तिच्या मागला ट्रेलर हें दृश्य आपल्याकडेही ओळखीचें झालें तें तेव्हांपासून. अमेरिकेंत १९४५ मध्यें सॅम शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांनीं यू-हॉल नांवाची ट्रेलर भाड्यानें देणारी संस्था काढली. एका गांवीं ट्रेलर घ्यावा, घर हालवावें, आणि दुसऱ्या गांवीं तो सोडून द्यावा. सोय मोठी झाली. पण आयुष्यांत पूर्वीं कधींही ट्रेलर न ओढलेला मनुष्य, सर्व संसार मागें घेऊन, पहिल्यानेंच रस्त्यावर उतरूं लागला. चौथ्या माणसाची विद्या पूर्वीं गाडीवानाच्या घराण्यांत शिकविली जात असे. आतां ती एका छापील कागदावर आली, आणि कागद कोण वाचतो?

पुढें कारखानदारांत चढाओढ लागली. प्रत्येकजण आपला पिकअप अधिक पौंड ओढतो असें सांगूं लागला; आणि तो आंकडा कसा काढावा, हें ज्यानें त्यानें आपल्यापुरतें ठरविलें होतें. अखेर मोटार-शिल्पज्ञांच्या अमेरिकन संस्थेनें २००८ मध्यें एक सामायिक कसोटी प्रसिद्ध केली. तिचा गाजलेला भाग म्हणजे ॲरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळचा चढ. सुमारें साडेअकरा मैलांत तो रस्ता जवळजवळ ९०० मीटर उंच जातो. तेथें ऐन उन्हाळ्यांत, गाडींतील हवा थंड करणारें यंत्र पूर्ण चालूं ठेवून, पूर्ण ओझें घेऊन, ठरलेल्या वेगाखालीं न येतां चढून जावयाचें. टोयोटा कंपनीनें २०११ च्या मॉडेलापासून ही कसोटी मानली. इतरांनीं कांहीं वर्षांनीं तिचा स्वीकार केला. याच कसोटींत ब्रेकाच्या व हेलकाव्यांच्याही परीक्षा आहेत, हें विशेष. परंतु जाहिरातींत छापतात तो आंकडा ओढण्याचा, आवरण्याचा नव्हे.

आतां विजेच्या पिकअपकडे येऊं. विजेवर चालणारी मालगाडी ही कांहीं नवी वस्तु नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन शहरांतून तसल्या गाड्या माल पोंचवीत असत. नवीन आहे ती तिची शक्ति. जुलै २०१९ मध्यें फोर्ड कंपनीनें आपल्या विजेच्या पिकअपचा एक नमुना आगगाडीच्या दहा दुमजली वाघिणींना जोडून दाखविला. दहा लक्ष पौंडांहून अधिक, म्हणजे साडेचार लक्ष किलोंवर ओझें त्यानें हजार फूट ओढलें. लोक थक्क झाले. त्यांत लबाडी कांहींच नव्हती. परंतु पोलादी रुळावर पोलादी चाकें इतकीं सहज फिरतात कीं एवढ्या ओझ्याला सुमारें एका टनाचा जोर लावला म्हणजे पुरे. जो प्रश्न त्या दृश्यानें विचारला नाहीं, तो चौथ्या माणसाचा आहे: हें सारें उतारावर सुटलें, तर आवरणार कसें?

२०२१ मध्यें रिव्हियन कंपनीचा, २०२२ मध्यें फोर्डचा आणि २०२३ च्या अखेरीस टेस्लाचा विजेचा पिकअप गिऱ्हाइकांच्या हातीं आला. यांची ओढण्याची मर्यादा दहा-अकरा हजार पौंड, म्हणजे साडेचार ते पांच टनांपर्यंत सांगितली गेली. विजेची मोटार उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते, म्हणून ओझें जाणवतच नाहीं. आणि धोक्याचा आरंभ येथेंच आहे. जुनें इंजिन कण्हत असे, आणि तें कण्हणें हीच चालकाला सूचना असे. आतां पांच टन मागें असतां गाडी मुकाट्यानें पळते, आणि वेग केव्हां वाढला तें कळत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याची शक्ति चौपट लागते, हा निसर्गाचा हिशेब मात्र इंजिनाबरोबर बदललेला नाहीं. या गाडीचें स्वतःचें वजनही तीन टनांच्या आसपास असतें. तें जमिनीलगत बॅटरींत असल्यामुळें गाडी स्थिर बसते, हा गुण. पण थांबवितांना तेंही हिशेबांत धरावें लागतें.

उतारावर विजेच्या गाडीचा एक खरोखर मोठा फायदा आहे. तिची मोटर उलट काम करून वीज परत मिळविते, आणि त्या कामांत गाडी आवरली जाते. डेव्हिस धरणाच्या उतारावरून साडेसात टनांची जोडी खालीं आली, तर जी शक्ति मोकळी होते ती सुमारें दोनशें लिटर पाणी उकळण्यास पुरेल. जुन्या गाडींत यांतील बराच भाग ब्रेकांच्या लोखंडाला तापवितो, आणि फार तापलेला ब्रेक ऐनवेळीं निकामी होतो. विजेची गाडी यांतील पुष्कळसा भाग बॅटरींत सांठविते. परंतु बॅटरी आधींच पूर्ण भरलेली असेल, तर ती आणखी वीज घेणार कोठें? डोंगरमाथ्यावर रात्रभर बॅटरी भरून सकाळीं उतारास लागणाऱ्याला नेमका तोच आधार अपुरा मिळतो, ज्याच्या भरंवशावर तो निघालेला असतो. म्हणून ट्रेलरचा स्वतःचा ब्रेक कितीही नवी गाडी असली तरी सोडतां येत नाहीं. आणि अशा उतारापूर्वीं बॅटरींत थोडी जागा शिल्लक ठेवणें हें शहाणपण आहे.

तिसरी गोष्ट पल्ल्याची. मोठ्यांतल्या मोठ्या बॅटरीची फोर्डची गाडी घेतली, तरी तींतील शक्ति सुमारें पंधरा लिटर पेट्रोलांत असते तेवढीच. एकटी गाडी ती इतक्या काटकसरीनें वापरते कीं पांचशें किलोमीटर जाते. पण मागें उंच, चौकोनी ट्रेलर जोडला कीं वाऱ्याचा विरोध वाढून पल्ला निम्म्यावर येतो. मग वाटेंत अधिक वेळां बॅटरी भरावी लागते. बॅटरी भरण्याच्या बहुतेक जागा एकट्या मोटारीच्या मापानें बांधलेल्या. म्हणून ट्रेलर सोडावा लागतो आणि पुनः जोडावा लागतो. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. पूर्वीं प्रवासांत एकदां होणारी जोडणी आतां तीनदां-चारदां, घाईंत, कधीं अंधारांत होते. गोळ्यावर दांडा नीट बसला कां, खीळ लागली कां, सांखळ्या घातल्या कां, तारेचा प्लग बसला कां, हें प्रत्येक वेळीं पाहिलें पाहिजे. आणि चौथ्या वेळीं माणूस पाहत नाहीं. यंत्रानें येथें बरेंच साहाय्य केलें आहे. हेलकावा ओळखून एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावणारी योजना आतां पुष्कळ पिकअपांत असते. पण न बसलेली खीळ कोणताही गणकयंत्री रखवालदार स्वतः वांकून बसवीत नाहीं.

हें सर्व अमेरिकेचें झालें. परंतु आपल्याकडे याचा संबंध नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. गळिताच्या हंगामांत कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कोणत्याही रस्त्यावर रात्रीं उभे राहा. ट्रॅक्टरच्या मागें उसानें शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जातांना दिसतील. ओढणारें यंत्र समर्थ आहे, यांत शंका नाहीं. परंतु मागल्या ट्रॉलीला ब्रेक आहे कां, जोडाच्या खिळेला खालून कडी आहे कां, सांखळी आहे कां, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती ट्रॉली अंधारांत दिसावी म्हणून तिच्या पाठीवर तांबडा चमकणारा पत्रा तरी आहे कां? १८६५ च्या ज्या कायद्याला आपण हंसलों, त्यानें दोहोंपुढच्या गाड्यांसाठीं एक माणूस मागितला होता. त्याच्या जागीं आपण एक कडी आणि एक पत्रा ठेवूं शकत नसलों, तर हंसण्याचा अधिकार कोणाचा?

श्रोतेहो, इतिहास इतकेंच सांगतो. वाफ आली, पेट्रोल आलें, वीज आली. प्रत्येक वेळीं पुढली गाडी बदलली, आणि प्रत्येक वेळीं मागल्या गाडीचा स्वभाव मात्र जुनाच राहिला. तिला स्वतःची इच्छा नाहीं, डोळे नाहींत; तिच्यांत फक्त भार आहे. म्हणून निघण्यापूर्वीं दहा मिनिटें चालकानें पुढली जागा सोडून मागें यावें. ओझें पुढें-मागें सरकवून तोल पाहावा. गोळा, खीळ, सांखळ्या, तार, दिवे आणि टायरांतील हवा हातानें तपासावी. पहिल्या कोसभरांत एकदां हळूच ब्रेक लावून मागली गाडी आपलें ऐकते कीं नाहीं, हें पाहावें. तेवढीं दहा मिनिटें त्यानें चौथा माणूस व्हावें. मग पुढें बसून खुशाल चालक व्हावें.